ओहोटीचे सातशे

तारीख अठरा जानेवारी, वार शनिवार. स्थळ घाटकोपर, एका वकिलाचं दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस. रक्कम रुपये बारा लाख फक्त. हजर: आमच्या सोसायटीचे वकील, कंपनीचे वकील, कंपनीचा एक अधिकारी, आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी, कोळीवाड्यातल्या मावशी आणि मी. माणसं सहा, चहा सात. अधिकाऱ्यांनी दोन घेतले.

हे सगळं त्या दिवशीच्या इतिवृत्तात आहे, कारण इतिवृत्त मी लिहिलं. चहाचा उल्लेख कशाला, असं आमच्या वकिलांनी विचारलं होतं. मी म्हणालो, झालेला आहे ना, मग असू दे. ते सही करून मोकळे झाले. बाकीच्यांनीही सह्या केल्या. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी न वाचताच केली.

पैसे कशाचे, ते सांगतो. आमची सोसायटी विक्रोळी पूर्वेला, हायवेच्या पलीकडे. मागे तिवरांचं रान आणि त्यातून आत शिरलेला खाडीचा एक फाटा. फाट्याच्या आतल्या टोकाला दहा-बारा होड्यांचा धक्का. बाजूला एका कंपनीने गोदाम बांधलं आणि जुन्या बांधकामाचं सगळं डेब्रिज रातोरात फाट्याच्या तोंडाशी ओतलं. भरतीचं पाणी आत येईना, पावसाचं पाणी बाहेर जाईना. तिवरं वाळली. आमच्या तळमजल्यावर दोन पावसाळे गुडघाभर पाणी. आम्ही कोर्टात गेलो, कोळीवाडा आमच्याबरोबर आला, आणि शेवटी कंपनीने तडजोड केली. बारा लाख देते, फाटा मोकळा करा, तिवरं लावा. अट अशी की सगळं काम तीस जूनपर्यंत व्हायला हवं आणि उरलेला पैसा कंपनीला परत.

आम्हाला तळमजला कोरडा हवा होता. मावशींना त्यांची होडी हवी होती. होडी होती, पण ती दोन वर्षं दुसऱ्या गावठाणाच्या धक्क्यावर, भाडं भरून, उपऱ्यासारखी बांधलेली. मासळीची टोपली डोक्यावर घेऊन तिथून घरी यायला त्यांना पाऊण तास चालावं लागे. वय त्रेसष्ट, गुडघे दुखरे. त्या दिवशी वकिलाच्या ऑफिसात त्या एकदाच सविस्तर बोलल्या.

"पावसाच्या आधी फाटा उघडला तर नारळी पौर्णिमेला माझी होडी माझ्या दारातून निघेल. नाही उघडला तर विकते. आणखी एक साल असं चालणार नाय माझ्याच्यानं."

खजिनदार मला केलं. मी साकीनाक्याच्या एका छोट्या कारखान्यात बावीस वर्षं हजेरी आणि पगार बघतो. घरी दुधाची वही वेगळी, इस्त्रीची वेगळी. इस्त्रीवाला भय्या महिनाअखेरीला स्वतःचा हिशेब करत नाही, माझ्या वहीवर विश्वास ठेवतो. बायको म्हणते की तो विश्वास नव्हे, थकवा आहे.

बारा लाखांचे मी तीन भाग केले. तोंडाशी मशीन आणि डंपर लावून डेब्रिज काढणं, सहा लाख. आत तिवरांमध्ये, जिथे मशीन रुतेल, तिथे हातांनी गाळ आणि दगड काढून पाण्याला वाट करणं, साडेचार लाख. तिवरांची रोपं आणि कुंपण, दीड लाख. मशीनचं काम एप्रिलमध्ये झालं. मी डोक्यावर ओला रुमाल टाकून डंपर मोजले. ड्रायव्हर लोक मला "गिनती साहेब" म्हणायचे. मला ते आवडलं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

हातांचं काम मावशींच्या बचत गटाने घ्यायचं ठरलं. सोळा बाया आणि दोन पुरुष, एकूण अठरा. दर माणशी सातशे. हा दर मावशींनी जानेवारीतच सांगितला होता. मी घरी बसून करार टाइप केला. नमुना कुठला घ्यायचा? माझ्याकडे आयुष्यभर एकच नमुना, कारखान्याच्या मस्टरचा. त्यात छापलेलंच असतं: नाव, दिनांक, हजर, दर प्रति दिन. मी नावं बदलली, दर घातला, प्रिंट काढली. मावशींनी चष्मा नाही म्हणून माझ्याकडूनच वाचून घेतला. मी वाचताना काय वाचलं, देव जाणे. बहुतेक "दर सातशे" एवढंच घाईत वाचलं असेल. त्यांनी सही केली.

मेच्या पहिल्या सोमवारी काम सुरू झालं. मला दिवसा कारखान्यात जावं लागे, त्यामुळे मी जागेवर फक्त रविवारी, आणि तेही नाश्ता करून. हजेरी मावशींची पुतणी लिहायची. पंधरा दिवसांनी तिने मस्टर आणून दिलं आणि मी जेवणाच्या टेबलावर लाल पेन घेऊन बसलो.

दिवस पंधरा. पण नोंदी एकवीस! सहा दिवस असे, की एकाच तारखेला अठराच्या अठरा माणसं दोनदा हजर. ओळीखाली ओळ, तीच नावं, त्याच सह्या.

माझ्या कारखान्यात काही वर्षांपूर्वी एक माणूस मित्राचं कार्ड पण पंच करायचा. तो मी पकडला होता. तेव्हा मालकांनी मला पेढे दिले होते. तो पेढा अजून माझ्या जिभेवर असावा, कारण एकवीस हा आकडा बघताच मला राग आला नाही, आनंद झाला. मी आलेख काढला. खरंच काढला. आडव्या रेषेवर तारखा, उभ्या रेषेवर नोंदी. सहाच्या सहा डबल नोंदी सलग दिवसांत, मधोमध टेकडीसारख्या. आधी नाही, नंतर नाही. मला वाटलं, बघा, आधी प्रामाणिकपणे लिहिलं, मग धीर चेपला, मग कोणीतरी घाबरलं. गुन्हेगाराचं मानसशास्त्रच मला त्या टेकडीत दिसलं.

एकवीस गुणिले बारा हजार सहाशे म्हणजे दोन लाख चौसष्ट हजार सहाशे. मी लाल पेनाने सहा ओळी खोडल्या आणि पंधरा दिवसांचे एक लाख एकोणनव्वद हजार मंजूर केले. कापले पंचाहत्तर हजार सहाशे. सेक्रेटरीला फोन केला. तो आणि मी शाळेपासूनचे.

"अरे, वाट लागली असती. मी बघितलं म्हणून."

"तू त्यांना विचारलंस का पण?"

"विचारायचं काय त्यात? एका तारखेला एक माणूस दोनदा हजर कसा असेल?"

"मला काय माहीत. तू बघ बाबा. तू खजिनदार."

दोन दिवसांनी, संध्याकाळी, मावशी सोसायटीच्या ऑफिसात आल्या. बसल्या नाहीत. बँकेचं पासबुक माझ्यासमोर ठेवलं.

"भाऊ, माझ्या सहा ओहोट्या कुठं गेल्या?"

मी सौम्यपणे, म्हणजे जितक्या सौम्यपणे पकडलेल्या माणसाशी बोलतात तितक्या, मस्टर उघडलं. लाल ओळी दाखवल्या.

"मावशी, हे बघा. दहा तारीख, दोनदा. अकरा तारीख, दोनदा."

"मग? दोनदा उतरलो चिखलात. सकाळच्या ओहोटीला एकदा, संध्याकाळच्या ओहोटीला एकदा. पाणी दिवसातनं दोनदा उतरतं. तुमच्याकडं एकदाच उतरतं काय?"

"पण मग रोज का नाही दोनदा?"

"रोज दोन्ही उजेडात कशा येतील? भांगाला, अष्टमीच्या आसपास, ओहोटी दुपारची येते, दुसरी काळोखात. काळोखात काचा पायाला लागतात. उधाणाला सकाळची एक न् संध्याकाळची एक, दोन्ही उजेडात. म्हणून दोनदा."

एवढं स्वच्छ कुणी सांगितल्यावर माणसाने माफी मागावी. मी करार उघडला.

"मावशी, इथे 'प्रति दिन' लिहिलंय."

"लिहिलंय कोणी?"

मी करार मिटून टेबलावर ठेवला.

"मी."

"मग खोडा. लाल पेन हायच तुमच्याजवळ."

मी त्यांना समजावलं की करार असा खोडता येत नाही, खात्यावर कंपनीची पण सही लागते, तडजोडीच्या अटीत लिहिलंय की कराराबाहेर एक रुपया द्यायचा नाही. सगळं खरं होतं. मावशींनी पासबुक उचललं.

"ठीक. मग काम पण बंद. दिवसाच्या सातशेत दोन ओहोट्या आमच्या बाया नाय उतरणार. फाटा दोन हिस्से झालाय, एक हिस्सा राहिलाय. पाऊस आला की डेब्रिज परत सरकेल. माझी होडी विकायची ती विकीन. तुमचा तळमजला तुम्ही बघा."

घरी येऊन मी बायकोला आलेख दाखवला. का दाखवला, माहीत नाही. बहुतेक कुणीतरी माझ्या बाजूने बोलावं म्हणून. तिने टेकडीकडे बघितलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, मग परत टेकडीकडे.

"अहो, या टेकडीच्या मधोमध पौर्णिमा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे उधाण. बारा तारखेला पौर्णिमा, दोन दिवस आधी, तीन दिवस नंतर. या बायकांनी चोरी करायला पंचांग बघितलं का? का चंद्र पण त्यांना सामील आहे?"

ती मालवणची. तिच्या माहेरी अंगणातून खाडी दिसते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आणि भरती-ओहोटीबद्दल मी तिला एकदाही काही विचारलं नव्हतं. दुधाच्या वहीत तो रकाना नाही.

तरी मी मावशींना फोन करून म्हणालो, की मला एकदा स्वतः बघायचंय. म्हणजे लेखी देताना, प्रत्यक्ष पाहिलं, असं लिहिता येईल.

"काम बंद हाय भाऊ. ओहोटी बंद नाय. अमावास्येला या, सकाळी साडेपाचला. चांगल्या चपला घालू नका."

मी चांगल्या चपला घातल्या. दुसऱ्या नव्हत्याच, जुन्या मी भंगारवाल्याला बारा रुपयांत दिल्या होत्या. वही, पेन, घड्याळ घेऊन धक्क्यावर पोचलो तर मावशी आणि आणखी दोघी आधीच गुडघाभर चिखलात, रिकामा वेळ म्हणून शिंपल्या वेचत. फाटा दूरवर उघडा पडलेला. मी एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिसरं बाहेर येईना. उजवा पाय मांडीपर्यंत आत. पाय ओढला तर चप्पल आत राहिली.

"वही वर धरा, भाऊ, वही!" एक जण ओरडली.

मी वही वर धरून उभा होतो. दोघींनी मला काखेत धरून, केळीचा खांब उपटावा तसा उपटला. तिसरी हसून हसून चिखलातच बसली.

"याची पण हजेरी लावा गं. सकाळची ओहोटी, एक माणूस."

"माणूस अर्धा लाव. दुसरा अर्धा आत हाय."

त्या तासाभरात मी काय लिहिलं ते वहीत आहे: पाच पन्नासला पाणी अमुक खुंटाच्या खाली, सहा चाळीसला चढायला लागलं. दुपारी साडेबाराला जेवायची सुट्टी घेऊन परत आलो, उधार घेतलेल्या स्लिपरवर. जिथे मी रुतलो होतो तिथे छातीएवढं पाणी, त्यात एक बगळा सुद्धा उभा राहू शकत नव्हता. संध्याकाळी सहाला परत आलो तर तोच चिखल, तीच तिवरांची उघडी मुळं, आणि मावशी हात कोपरापर्यंत खाली घालून काहीतरी चाचपत होत्या. त्यांनी माझी चप्पल वर काढली.

"घ्या. सकाळच्या ओहोटीला गेली, संध्याकाळच्या ओहोटीला मिळाली. तारीख एकच हाय. आता सांगा, एकदा की दोनदा?"

मी त्या रात्री जेवलो नाही. नाटक नव्हतं, भूकच नव्हती. पंधरा दिवस त्या अठरा जणांनी माझा तळमजला कोरडा राहावा म्हणून काचांच्या चिखलात हात घातले होते, आणि मी टेबलावर बसून त्यांचं मानसशास्त्र अभ्यासत होतो.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या अधिकाऱ्यांना फोन केला. करारात माझी चूक झाली, 'प्रति दिन'च्या जागी 'प्रति ओहोटी' हवं, दुरुस्तीवर सही द्या.

"साहेब, करार म्हणजे करार," ते म्हणाले. आवाज फार गोड. "तुम्हीच लिहिलात, तुम्हीच सही केलीत. आणि काम अपुरं राहिलं तर शिल्लक आमची, हे तुम्हाला माहीत आहे. मी वरच्यांना काय सांगू? खजिनदार झोपेत होते?"

यात त्यांचं काहीच चुकत नव्हतं, हाच त्रास. त्यांच्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो, कदाचित कमी गोड आवाजात.

त्या दिवशी आणि पुढच्या दिवशी मी सगळे कागद पुन्हा पुन्हा वाचले. दावा, तडजोड, अंदाजपत्रक. ढग दाटत होते आणि सेक्रेटरी दर दोन तासांनी विचारत होता, "मिळालं काय काही?" शेवटी जानेवारीचं इतिवृत्त काढलं. वाचताना स्वतःचीच लाज वाटली. माणसं सहा, चहा सात. खिडकीचा पडदा निळा. मला पडदा कशाला लिहायचा होता? आणि तिसऱ्या पानावर, चहाच्या दोन ओळी खाली, माझ्याच अक्षरात:

"मावशी म्हणाल्या, हातांच्या कामाचा दर ओहोटीचे सातशे. सर्वांनी मान्य केले."

खाली सहा सह्या. त्यात अधिकाऱ्यांची, न वाचता केलेली.

मी तेव्हा हे शब्द जसे कानावर पडले तसे लिहिले होते, अर्थ न कळता, पडद्याचा रंग लिहावा तसे. आणि करार करताना, जिथे अर्थ कळायला हवा होता तिथे, कारखान्याचा नमुना वापरला होता.

आमच्या वकिलांना इतिवृत्त दाखवलं. ते हसायला लागले. "तो चहा मी काढायला सांगणार होतो हो. सगळं पानच परत लिहावं लागलं असतं, आणि ही ओळ तुम्ही संक्षिप्त केली असती."

इतिवृत्त तडजोडीला जोडलेलं होतं, त्यामुळे करारापेक्षा वरचं. कंपनीच्या वकिलांनी अर्ध्या तासात मान्य केलं. अधिकाऱ्यांनी एकच अट घातली, दुरुस्तीपत्रात चूक कोणाची ते स्पष्ट यावं. मी लिहिलं: "'प्रति दिन' हे शब्द खजिनदाराच्या चुकीमुळे आले. सहा ओहोट्यांची मजुरी खजिनदाराने विचारपूस न करता कापली." दुसरं वाक्य त्यांनी मागितलं नव्हतं. नोटरीचे पाचशे मी माझ्या खिशातून दिले. घरच्या वहीत ते कुठल्या सदराखाली टाकू, असं बायकोला विचारलं.

"शिक्षण," ती म्हणाली.

सगळ्या सह्या होईपर्यंत जूनची पौर्णिमा आली. तिच्या आदल्या दिवशी दुरुस्तीपत्र घेऊन मी स्वतः कोळीवाड्यात गेलो. आता मावशींकडे चष्मा होता. त्यांनी सगळं वाचलं, शेवटची दोन वाक्यं दोनदा वाचली, पुतणीला पण वाचायला दिली.

"बरं लिवलंय," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी पाच पंचावन्नला पाणी उतरतंय."

उरलेल्या चौदा ओहोट्या त्यांनी दहा दिवसांत काढल्या. शेवटच्या दोन पावसात. ओहोटी सकाळची असेल तेव्हा मी कारखान्याआधी जायचो. मला चिखलात उतरायला बंदी होती, मी धक्क्यावर उभा राहून घमेली मोजायचो. कुणी मोजायला सांगितलं नव्हतं.

शेवटचा दगड निघाला तेव्हा हातांच्या कामाच्या सदरात नऊ हजार उरले. ते कंपनीला परत जाणार, असं मी मावशींना सांगितलं.

"ज्यांनी घाण टाकली त्यांना? नऊ हजारात किती माणसं उतरतात?"

"बारा. आठ हजार चारशे होतात."

"मग बारा जणी उद्या धक्क्याचा कोपरा साफ करतो. माझी होडी तिथंच लागते."

साफ केला. त्याच आठवड्यात भरतीच्या पाण्यावर मावशींची होडी फाट्यातून आत आली. धक्क्याला लागताना मावशींनी मला दोर फेकला आणि मी तो पकडला नाही, कारण मी घड्याळ बघत होतो. पुतणीने पकडला.

तडजोडीचा शेवटचा हिशेब असा. मशीन आणि डंपरवाल्याला सहा लाख. रोपवाटिकेला आणि कुंपणवाल्याला मिळून दीड लाख. मावशींच्या बचत गटाला आधी एक लाख एकोणनव्वद हजार, आणि शेवटच्या चेकने, कापलेल्या सहा ओहोट्या धरून, दोन लाख साठ हजार चारशे. कंपनीला परत सहाशे रुपये.